भट्टीकडे पाठ

६ जानेवारी

समोरच्या घड्याळवाल्याने ही डायरी दिली. त्याच्याकडे दोन आल्या होत्या, एक माझ्या माथी मारली. म्हणाला, "माणसांशी बोलत नाही तुम्ही, निदान कागदाशी तरी बोला." मी म्हटलं, बेकरीत असताना रोज लिहायचो की. पीठ कसं होतं, खमीर किती फुगलं, भट्टी कशी तापली.

"ते पावाबद्दल," तो म्हणाला. "हे स्वतःबद्दल लिहायचं."

स्वतःबद्दल काय लिहिणार? सकाळी दुधात पाव. दुपारी उकडलेले बटाटे, वर मिरपूड. संध्याकाळी अंडं आणि पाव. बायको होती तेव्हाही हेच खायचो, ती गेली तरी हेच खातो. त्यानंतर मुलाने मला इकडे आणलं. घर त्याचं, गाव त्याचं, तो स्वतः मात्र ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर. घरात सूनबाई आणि मी. ती चांगली आहे. पण दिवसभरात आमच्यात बोलणं होतं ते जेवणावरून, आणि जेवणावरून होतं ते भांडणच.

९ जानेवारी

सूनबाई ज्या हॉटेलात स्वयंपाक करायची ते बंद पडलं. आता घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची खानावळ काढायचं तिच्या डोक्यात आहे. फक्त दुपारचं जेवण. रोज एक सूप, पाव आणि काहीतरी नवीन. हे 'नवीन' ती अशा काही थाटात म्हणते की मला ऐकूनच अजीर्ण होतं.

आज अळंबीचं सूप केलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवून उभी राहिली.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना खाऊ घातलंत. तुम्हीच सांगा, कसं झालंय?"

एक चमचा घेतला. गरम होतं. बाकी काही नव्हतं.

"पुठ्ठा भिजवून उकळलाय," मी म्हटलं.

ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. वाटी उचलून आत गेली. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलायचं? बेकरीत मला 'नाकशेठ' म्हणायचे. तिथे भट्टीवरच्या माणसाची एक रीत होती. पाव आत गेले की भट्टीकडे पाठ करून उभं राहायचं. घड्याळ बघायचं नाही, आत डोकावायचं नाही. वास मागून येतो. आधी ओल्या पिठाचा, मग दुधाळ, मग कवचाचा, आणि कवचाच्या वासाला किंचित कडा आली की म्हणायचं, "काढा." मला माझ्या वस्तादाने असं शिकवलं, मी पुढच्यांना शिकवलं. माझ्या हाताखाली पाव कधी करपला नाही. अशा माणसाला पुठ्ठा आणि सूप यातला फरक कळणार नाही?

१४ जानेवारी

सूनबाईने मीठ-मिरची लावून कोबी बरणीत आंबत घातला होता. आज बरणी उघडली. घड्याळवाला चहाला आला होता. त्याने रुमाल काढून नाकावर धरला आणि खुर्ची खिडकीशी सरकवली. सूनबाई खिडक्या उघडत सुटली. "वासावर जाऊ नका, खाल्ल्यावर वेड लागतं," म्हणत होती. दोघांची नाटकं बघून मला हसू आलं. मी बरणीशेजारीच बसून चहा संपवला.

"कमाल आहे तुमची," घड्याळवाला रुमालाआडून म्हणाला.

"भट्टीसमोर उभं राहायला छाती लागते," मी म्हटलं. "तुमचं आयुष्य गेलं बारीक चाकं फिरवण्यात."

शेवटी त्याने कोबी खाल्ला आणि वर पुन्हा मागून घेतला. मला आग्रह झाला, मी हात आडवा केला. या वयात पोटाला नवीन ओळखी करून द्यायच्या नसतात.

"चाखतही नाही तुम्ही," सूनबाई म्हणाली. "आधीच नाही म्हणता."

इथे लिहायला हरकत नाही. नवीन काही तोंडात घातलं की तोंड अगदी रिकामं वाटतं. खोलीत कुणीच नसावं तसं. बटाटा खाल्ला की निदान ती समोर बसलीय असं वाटतं.

१९ जानेवारी

आज अंगाचा तिळपापड झाला.

बायकोची शाल माझ्या पेटीत तळाशी असते. वास उडून जाईल म्हणून मी ती काढतच नाही. आज फार आठवण आली म्हणून काढली, तोंडावर घेतली. काही नाही. तिच्या केसांचं तेल नाही, ती नाही. दुकानातून आणल्यासारखी कोरी.

"माझ्या पेटीला हात लावलास?" मी सूनबाईला विचारलं.

"नाही हो बाबा."

"मग शाल कुणी धुतली?"

"कुठली शाल?"

चेहरा इतका साळसूद केला की मी शाल पुन्हा पेटीत ठेवून दिली. साफसफाईचं वेड आहे तिला. केलं असेल चांगल्या मनानेच. पण विचारायचं तरी! आता तो वास मी कुठून आणू? जेवलो नाही. ती दोनदा दाराशी येऊन परत गेली.

२५ जानेवारी

दूध करपलं. मी शेगडीपाशीच पेपर घेऊन बसलो होतो. सूनबाई माडीवरून धावत खाली आली.

"बाबा, अख्ख्या घरात वास सुटलाय आणि तुम्ही इथे बसून..."

मी म्हटलं, शब्दकोड्यात गुंतलो होतो. ते खरंही होतं. भांडं घासायला टाकून ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणं आवडलं नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं होतं.

१ फेब्रुवारी

खानावळ सुरू झाली. सकाळपासून सूनबाई दर पाच मिनिटांनी दारात जाऊन रस्ता बघत होती. या खोलीसाठी तिने काय काय केलं ते मी पाहिलंय. भिंती स्वतः रंगवल्या, टेबलं घासून घासून हाताची सालटी काढून घेतली. ती बाहेर फळा लावायला गेली तेव्हा मी हळूच सूप चाखून पाहिलं. शेवटी घराच्या अब्रूचा प्रश्न. ठार बेचव! मूठभर मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा पाहिलं, मीठ लागलं पण चव येईना, अजून थोडं घातलं. कुणाला बोललो नाही. उपकार बोलून दाखवायची मला सवय नाही.

गिऱ्हाईक बरं आलं होतं. पण सुपाच्या वाट्या बहुतेक तशाच परत आल्या. एकजण तर नुसतं पाणीच मागत होता. हेच मी तिला सांगत होतो, लोकांना ओळखीचं खायला हवं असतं. सगळे गेल्यावर ती ओट्याशी उभी राहून पातेल्यातलं सूप चाखत होती. मग तिने मिठाच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दमली असेल बिचारी.

८ फेब्रुवारी

बाहेरून आणलेला पाव शिळा निघतो म्हणून सूनबाईने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कराल?" विचारायला लागतं का! गेले काही दिवस पाव मीच करतोय. तिची भट्टी छोटी, विजेवर चालणारी, पण भट्टी ती भट्टी. पीठ मळायला घेतलं आणि हात आपोआप चालू लागले. खांदे दुखतात, पण छान दुखतात.

पाव आत टाकले की मी रीतीप्रमाणे पाठ करून उभा राहतो. सूनबाई शेजारी भाजी चिरत असते. कवचाच्या वासाची मी वाट बघत असतो, आणि तेवढ्यात तीच म्हणते, "काढायचे का बाबा?" वळून बघावं तर रंग नेमका. "मी आता म्हणणारच होतो," मी म्हणतो. पोर तयार होतेय.

घड्याळवाल्याने तिला एक छोटं गजराचं घड्याळ दिलंय. ते ती एप्रनच्या खिशात ठेवते आणि मधूनमधून काढून बघते. भट्टीपाशी घड्याळ मला खपत नाही, तसं स्पष्ट सांगितलं. "ते माझ्या सुपासाठी आहे," म्हणाली.

शाळेतल्या एक बाई रोज जेवायला येतात. आज म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या पावाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत येतो." किती दिवसांनी कुणाच्या तरी कामाला आलो. आज बाहेर खुर्ची टाकून बसलो, जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोललोसुद्धा.

१२ फेब्रुवारी

काल लिहवलं नाही.

कांदे संपले म्हणून सूनबाई बाजारात निघाली. पाव भट्टीत होते. "मी येईपर्यंत झाले तर काढा. हे घड्याळ ठेवते, वाजेल," म्हणाली. मी घड्याळ तिच्या हातात परत दिलं. "हे ने तुझं. मला लाज आणू नकोस." ती उंबऱ्याशी घुटमळली, मग गेली.

मी पाठ करून उभा राहिलो. ओल्या पिठाच्या वासाची वाट पाहिली. मग दुधाळ वासाची. हवा थंड आहे, वेळ लागणारच, अशी मनाची समजूत घातली. वळून बघावंसं फार वाटत होतं. वळलो नाही. वळायचं नसतं. डोळे चुरचुरले, खोकला आला, तेव्हा वाटलं सर्दी होतेय. मग घड्याळवाला ओरडत आत शिरला आणि दंडाला धरून त्याने मला बाहेर ओढलं. आता वळून पाहिलं तर धुरात भट्टीच दिसत नव्हती. वरचा पडदा पेटला होता. त्याने आणि गल्लीतल्या दोघांनी पाणी मारून विझवला. मला एकटं सोडून जाताना सूनबाईने त्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं म्हणे. तो गिऱ्हाइकात अडकला नसता तर आधीच आला असता.

रस्त्यावर माणसं जमली होती. झाडून सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले होते, पदर लावले होते. मी एकटाच तसा उभा होतो.

सूनबाई आली. पिशवी रस्त्यात टाकून तिने आधी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. नंतर आत जाऊन तिने रंगवलेली ती भिंत पाहिली. मी एक पाव उचलून नाकाशी धरला. कोळसा होता नुसता. कितीतरी वेळ हुंगत राहिलो.

१४ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण आहे आणि मोठ्याने बोलतो, जसं काही माझे कानच गेलेत. त्याने मला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली बाटल्या धरल्या. मी एकीला साबण म्हटलं. डोळे उघडले तर कॉफी. सूनबाई शेजारी बसली होती, तिने मान खाली घातली.

"त्या तापानंतर बऱ्याच जणांचं असं होतं," तो म्हणाला. "नाक गेलं की जेवणातली गंमत गेली. जिभेला फक्त खारट, आंबट, गोड, कडू कळतं. बाकी सगळं नाकाचं काम. कधीकधी परत येतं. या वयात... बघू."

गेल्या थंडीत आम्हा नवरा-बायकोला दोघांनाही ताप आला. मी उठलो, ती उठली नाही. तेव्हापासून जेवणात राम राहिला नाही. मी समजत होतो की चव तिच्याबरोबर गेली. तसंच व्हायला हवं होतं, म्हणून मी तक्रार केली नाही. आणि हा पोरगा म्हणतो, तापाने गेली. म्हणजे माझं दुःख वेगळं आणि हे वेगळं. मला फसवल्यासारखं वाटतंय. कुणी फसवलं ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर मुद्दाम एक बटाटा खाल्ला. डोळे मिटून, तिला मनातून बाजूला ठेवून. मऊ होता. गरम होता. बस. इतके दिवस मला चव लागत नव्हतीच. नुसती आठवत होती.

१५ फेब्रुवारी

मुलाचा फोन. "बाबा, थोडे दिवस आत्याकडे राहाल का? तिथे भट्टी नाही, जिना नाही. तुमच्या जिवाला काही झालं असतं तर?" थोडे दिवस म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रविवारी न्यायला येतोय. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बहीण माझी चांगली आहे, पण ती टीव्हीपुढे जेवते आणि टीव्हीशीच बोलते. मला इथून जायचं नाही. हे कुणाला सांगायचं तोंड माझ्याकडे उरलेलं नाही. सूनबाईची खानावळ माझ्यामुळे बंद पडलीय.

पिशवी भरून ठेवली. शाल तेवढी बाहेर आहे.

१६ फेब्रुवारी

शाल मांडीवर घेऊन बसलो होतो. सूनबाई चहा घेऊन आली. मी शाल तिच्यापुढे धरली.

"एक काम कर. हिचा वास घे आणि मला सांग."

तिला सगळं एकदम कळलं असावं. कप खाली ठेवून तिने शाल दोन्ही हातांनी नाकाशी धरली, डोळे मिटले.

"आईंचं केसांचं तेल," म्हणाली. "पेटीच्या लाकडाचाही आहे थोडा. आणि बाबा, कांदा. लोण्यावर परतलेला. दूध. मिरपूड."

म्हणजे कुणी धुतली नव्हती.

"दुधातले बटाटे," मी म्हटलं.

"कसले बटाटे?"

तिला माहीत नव्हतं. तिची सासू पाहुण्यांसाठी भारी भारी करायची, आणि सून ही तिच्या लेखी शेवटपर्यंत पाहुणीच राहिली. दुधातले बटाटे आमच्या तिघांपुरते, घरातले. मग मी बोलत सुटलो. कांदा लोण्यावर इतका मऊ करायची की जिभेवर सापडू नये. बटाटा तळाला किंचित लागू द्यायची, मुद्दाम, म्हणजे त्या कडेचा वास दुधात उतरतो. मिरपूड आधी नाही. आच बंद केल्यावर घालायची आणि झाकण ठेवायचं. घास घेतला की आधी दूध गोड लागतं, मग कांदा, मग मागून ती कडा. मिरपूड येते घास गिळून झाल्यावर.

"कडा किती लागू द्यायची?" सूनबाईने विचारलं.

"पावाच्या कवचाचा रंग असतो ना, त्याच्या जरा अलीकडे थांबायचं."

चहाचं पाणी होऊन गेलं. बायको गेल्यापासून मी इतका बोललो नव्हतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

मुलगा दुपारी आला. पिशवी दाराशी तयार होती. खानावळीतली भिंत अजून काळी आहे, तिच्याजवळच्या टेबलावर सूनबाईने तिघांची ताटं मांडली. वाढलं आणि उभी राहिली, माझ्यापुढे सुपाची वाटी ठेवून उभी राहायची तशीच.

मुलाने पहिला घास घेतला आणि त्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. काहीतरी रस्त्याचं सांगत होता. चमचा खाली ठेवला.

"हे कुणी केलं?"

"मी," सूनबाई म्हणाली. "बाबांनी सांगितलं, मी केलं."

"पण हे आईचं..." आई गेली तेव्हा सगळ्यांना सावरत फिरत होता, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आज बटाट्यांवर रडला. रडत रडत खाल्लं, आणि ताट पुढे करून आणखी मागितलं. मी त्याचा चेहरा बघत बसलो. आधी दूध, मग कांदा. कडा आली तेव्हा त्याने डोळे मिटले. मिरपूड कधी आली तेही मला कळलं.

हात धुऊन आला आणि पिशवी उचलून माझ्या खोलीत ठेवली.

"आत्याला फोन करतो," म्हणाला. "येत नाहीत म्हणून सांगतो."

"पीठ बाबा मळतील," सूनबाई त्याला म्हणाली. "वासाचं माझ्याकडे. आणि बाबा, भट्टीपाशी घड्याळ राहील. चालेल?"

"चालेल. गजर मोठा असू दे," मी म्हटलं.

मग तिचं लक्ष माझ्या ताटाकडे गेलं. "तुम्ही घेतलेच नाहीत की!"

बटाटे निवत चालले होते. मी चमचा उचलला, पण जीव धजेना. इतके दिवस नव्या घासाला भ्यायचो. आज याच घासाची भीती वाटत होती. तोंडात घातला आणि ती आली नाही तर?

मी ताट मुलाकडे सरकवलं. "तू खा. आणि सूनबाई, मला तो बरणीतला कोबी वाढ."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने बरणी आणली. मुलाने नाक मुरडून खिडकी उघडली. मी घास घेतला. कुरकुरीत लागला. आंबट लागला. मिरची झोंबली. त्यापुढे काहीच नाही, भिंत लागल्यासारखं. मी चावायचं थांबून सूनबाईकडे पाहिलं. तिनेही एक घास घेतला आणि माझ्या समोर बसली.

"आंबट तर कळलंच तुम्हाला," ती म्हणाली. "त्याच्या मागे लसूण आहे, बाबा. कच्चा नाही, मुरलेला. आणि मग अगदी शेवटी..." ती डोळे मिटून शब्द शोधत राहिली.

"घाई नाही," मी म्हटलं. "सावकाश सांग."